सारजाबाईचं गळकं मडकं

बेडशाजवळच्या आमच्या वाडीत आवणी, म्हणजे भाताची लावणी, लागली की बायका उजाडताच खाचरात उतरायच्या, आणि सगळी बारकी पोरं सारजाबाईच्या पडवीत येऊन पडायची. मीही त्यातलीच एक. ही गोष्ट सन तीसच्या आगेमागे घडलेली. तेव्हा पुष्कळ घरांत पोराला अफूची बारीक गोळी चाटवून निजवायची रीत होती. पोर गप, आई मोकळी. सारजाबाईला त्याचा भयंकर राग. "नुसतं निजवायचं तर मी कशाला पायजे? गोठ्यातला खुंटा बी चालंल की," असं ती तोंडावर सांगायची.

तिच्या पडवीत निजायची सोयच नव्हती. अंगणाच्या एका टोकाला मडकं ठेवलेलं असायचं. पलीकडच्या पाटातून करवंटीनं पाणी आणून ते भरायचं, भरलं की गूळ. आम्ही सकाळभर धावायचो आणि मेलं मडकं काही भरायचं नाही. त्याच्या बुडाला भोक होतं हे मला माझं लग्न झाल्यावर कळलं, आणि तेव्हाही मी चिडले. गूळ मात्र ती रोज द्यायची.

पाऊस जोराचा असला की पडवीतल्या पडवीत खेकड्यासारखं आडवं चालायचं, नाहीतर बेडूकउड्या. उघडीप झाली की बांधावरून उंबरापर्यंत पळत जायचं आणि परत यायचं. तिथं तिचा एकच कायदा होता. "पळताना मागं बघायचं न्हाई. बघितलं की आपटलीस."

संध्याकाळी आया यायच्या, आपापलं पोर काखोटीला मारून जायच्या. सारजाबाई करवंट्या गोळा करून पालथ्या घालायची आणि मग तिच्याशी बोलायला कोणी नसायचं. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेलेला, मूल झालंच नव्हतं. आमचे पाय बळकट झाले की आम्हीही शेरडांमागं जायला लागायचो आणि तिची पडवी विसरायचो. एकटीसाठी भाकर थापायची म्हणजे चूलसुद्धा कंटाळते, असं ती माझ्या आईला म्हणायची. आई, म्हणजे कस्तुराबाई, तिची शेजारीण. पुढचं बरंचसं मला आईनंच सांगितलं.

एका आवणीत अंबाजी आपली रतन घेऊन आला. तो आमच्याच वाडीचा, लोणावळ्याला रेल्वेच्या गँगमध्ये कामाला. बायको तापानं गेलेली, आणि त्याच तापातून उठलेली ही तीन वर्षांची पोर पाय टेकायलाच तयार नव्हती.

"सारजामावशी, मी कामावर गेलो की चाळीत हिला उचलाय कोण हाय? पायावर उभी ऱ्हायली की नेतो. न्हाईच ऱ्हायली, तर ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच."

"ऱ्हाऊ दे," सारजाबाई लगेच म्हणाली. त्या दिवशी तिनं बारकी का होईना, दुसरी भाकर थापली.

मग एक नवल झालं. साऱ्या वाडीची पोरं पळवणारी ही बाई रतनला कडेवरून खाली ठेवीना. पाटावर जाताना कडेवर, दळायला बसली तर मांडीवर. रतन तिच्या कानातल्या बुगडीशी खेळायची आणि सारजाबाई कुणाशी तरी बोलत असल्यासारखी दिवसभर बोलत असायची.

दिवाळीनंतर भातकापणी आली. आमच्याकडे खळं करायचं तर जमीन भिजवून, सारखी करून आधी पोरांच्या पायांनी तुडवून घेत, मग चोपून सारवत. सारजाबाई टाळ्या वाजवत होती, आम्ही चिखलात नाचत होतो, आणि तिच्या कडेवरची रतन हवेतल्या हवेत पाय झाडत होती.

आईनं ते पाहिलं. "सारजे, दुसऱ्याची पोरं पळवतीस. हिलाच तेवढी का धरून ठेवलीस?"

सारजाबाईचा चेहरा पडला. टाळ्या अर्ध्यावर टाकून ती घरी गेली आणि दिवसभर तिनं दार उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं माळ्यावरचा पांगुळगाडा खाली काढला. काही दिवस रतनला त्याला धरून उभी केली, मग हाताला धरून ओल्या खळ्यात नाचवली. तोल सावरायला लागल्यावर करवंटी हातात देऊन मडक्याशी नेली. मडकं तिच्यासाठी अगदी जवळ ठेवलं होतं. रोज सारजाबाई ते वीतभर लांब सरकवायची, आणि सरकवताना तिचं तोंड उतरलेलं असायचं. एकदा तिनं ते सरकवलंच नाही. आईनं पाहिलं, पण या वेळी ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सारजाबाईनं ते दोन वीत सरकवलं.

संक्रांतीच्या सुमाराला अंबाजी कामशेत स्टेशनावरून चालत आला. बांधाच्या त्या टोकाला, उंबराखाली तो थबकला, कारण अंगणात त्याची पोर करवंटी घेऊन पळत होती. त्याला बघून ती सारजाबाईच्या लुगड्यात शिरली. सारजाबाई नुसती गप्प उभी राहिली असती तरी पुरे होतं. पोर हलली नसती. पण तिनं एकेक करून तिची बोटं सोडवली.

"बा आलाय तुजा. जा, पळ."

रतन बांधावरून पळाली. कुठं अडखळली नाही. अंबाजीनं रडत रडत तिला उचलायला हात पुढं केले, पण तिला आता चालायचंच होतं. बापाचं बोट ओढत ती कामशेतच्या वाटेला लागली. सारजाबाई ती दोघं दिसेनाशी होईपर्यंत अंगणात उभी होती.

आई जवळ गेली. "एकदा तरी मागं बघितलं का गं पोरीनं?"

"न्हाई," सारजाबाई म्हणाली. "मीच शिकवलंय तसं."