घाम शब्दाचं कूळ आणि माझी सून

हे मी मालकांना सांगितलं नाही, ते जाईस्तोवर नाही. देवापुढेही या गोष्टीला वळसा घालूनच बोलत आले. आज तुमच्यापुढे मांडते — बसा.

आधी माझी फुशारकी ऐका, कारण चूक तिथूनच सुरू होते. चौथीत माझी शाळा सुटली. पण बोरी अरबच्या बाजारातल्या रद्दीवाल्याकडून मी जाडजूड शब्दकोश आणला, आणि भाकरी टाकता टाकता वाचला. शब्दाचं कूळ शोधावं तर या बाईनंच, असं गाव म्हणतं. अभिमान आहे मला — का नसावा? महिला मेळाव्यात मी ‘घाम’ या एका शब्दावर बोलते आणि बायका चहा विसरतात. घाम म्हणजे मुळातला घर्म. आधी ऊन, मग उन्हाची काहिली, मग त्या काहिलीनं अंगातून काढलेलं पाणी. ‘गरम’ हा त्याचाच दूरदेशीचा भाऊ. आपण पाणी ठेवलं, ऊन विसरलो! इथे टाळ्या पडतात. काय सांगू — अजूनही अंगावर काटा येतो.

पण हे मला सुचलं कुठून?

रेखा, माझी सून, छिंदवाड्याकडची. लग्नानंतरचा पहिलाच उन्हाळा. गच्चीवर आम्ही साऱ्याजणी कुरोड्या घालत होतो. ती मायेनं म्हणाली, “आई, घामात नका बसू, चक्कर येईल.” बायका हसल्या. ती समजावू लागली, “आमच्याकडं उन्हाले घाम म्हनतात.” आता शब्दांची जाणकार कोण? मी! आणि कालची सून मला शब्द शिकवणार? मी म्हटलं, “काहून वं, तुमच्याकडं सूर्यालेच पसीना सुटते काय? मंग टावेल घेऊन कोन धावते — तुहा बाप?”

हशा असा उसळला की शेजारणीच्या हातातला सोऱ्या निसटला. रेखा मान खाली घालून कुरोड्या घालत राहिली. गल्लीत तिचं नाव पडलं — घामवाली.

त्याच दुपारी, साऱ्या गेल्यावर, मी शब्दकोश उघडला. कशाला? तिला खोटं पाडायला, दुसरं काय! आणि तिथे घर्म भेटला. ऊन भेटलं. पोर खरं बोलली होती. ती खाली भांडी घासत होती. जिना उतरून तिला एवढं सांगायला काय लागलं असतं? — नाही उतरले.

उलट ढाणकीच्या मेळाव्यात तेच माझं म्हणून सांगितलं. एकीनं विचारलं, “आजी, हे कुठून शोधलं वो?” मी छाती ठोकून म्हटलं, “माह्या डोक्यातून!” रेखा समोरच बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती. तिला कळलं नसेल? कळलं होतं. माझ्या डोळ्यांत बघत वाजवत होती.

त्यानंतर ते भाषण मी गावोगाव केलं. चारचौघांत रेखा आता तोंड उघडत नाही. स्वभावच मुका, असं लोक म्हणतात. मी मान डोलावते.

परवा तिच्या आईचा फोन आला. रेखा म्हणाली, “माय, उनात नको हिंडू.” म्हातारीला लगेच उमजलं नसावं, रेखानं पुन्हा सांगितलं — ऊन, माय, ऊन. जन्मदात्या आईशी बोलतानाही घाम नाही म्हणाली. मी दाराआड उभी होते. लेकीच्या तोंडचा आईचा शब्द मी काढून घेतला, आणि त्यावर मिरवले.

अजून मिरवते.