साडूंना न जमलेलं हसू

माणसाच्या चेहऱ्यावरचं दुःख हुडकून काढण्यात आमच्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडणार नाही. ते शिल्पकार आहेत. पुणतांब्याला घरामागे त्यांची पत्र्याची शेड आहे आणि तिच्यात अशी काही माणसं घडवून ठेवलीत, की ती पाहून आलेला पाहुणा उगाचच घरी फोन करून सगळे बरे आहेत ना विचारतो. लग्नात सगळे नवरीकडे बघतात, हे नवरीच्या बापाची मान बघत बसतात. एकदा माझ्याकडे टक लावून बघत म्हणाले, "तुमच्या खांद्यात लई जुनं दुःख हाय." मी आठवडाभर अस्वस्थ. मग डॉक्टरांनी खांदा आखडलाय म्हणून सांगितलं.

घोडेगावच्या बाजाराला ते नेमाने जायचे, पण जनावर घ्यायला नाही, विकून परतणाऱ्यांचे चेहरे बघायला. दलाल त्यांना बडा व्यापारी समजून चहा पाजत. त्यातूनच त्यांच्या हातून एक म्हातारा घडला, बैल विकून हातात नुसतं दावं उरलेला. त्याला शेडच्या दारात बसवला तर दूधवाला रोज रामराम घालायचा, आणि पुतळा आहे हे कळल्यावरही त्याने ते सोडलं नाही. पुढे एका शाळेने बागेसाठी हसरी मुलं मागितली. यांनी केलेली मुलं अशी दिसत, की शाळा सुटली, सगळ्यांना न्यायला घरचे आले आणि त्यांचंच कोणी आलं नाही. पहिलीचा वर्ग त्यांना बघून भोकाड पसरू लागला, तेव्हा हेडमास्तरांनी हात जोडून मुलं टेम्पोत घालून परत पाठवली.

आणि अशा माणसाची बायको कोण, तर आमच्या ताई. माझ्या बायकोची थोरली बहीण. त्या हसल्या की गल्लीच्या टोकाला कळायचं. त्यांची मूर्ती मात्र साडूंनी कधी केली नाही. "तू हायेस की समोर. तुला कशाला करू?" म्हणायचे.

गेल्या वर्षी ताईंचं दुखणं बळावलं आणि डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हटलं. त्या दिवशी ताईंनी फर्मान काढलं, "आता माझी करा. पन हसती करा. न्हाईतर लोक म्हनतील, मेल्यावरबी नवऱ्यानं रडवलं."

साडू कामाला लागले. समोर खाटेवर हसणारी बाई, आणि हाताखाली रडवेली. ताई बघायच्या, म्हणायच्या, "अहो, ही तर माझी सासू!" आणि खोकला येईपर्यंत हसायच्या. साडू मोडायचे, पुन्हा करायचे. ताई दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या. मूर्ती आधी होते की ताई आधी जातात, याची मला धास्ती लागली. एका दुपारी आम्ही तिथेच असताना त्या माझ्या बायकोच्या आधाराने उठल्या, मूर्तीपाशी गेल्या आणि अंगठ्याने मातीच्या ओठांची दोन्ही टोकं वर रेटली. "एवढं सोपं हाय हो," म्हणाल्या. मूर्ती हसली. अगदी ताई.

थोड्याच दिवसांत ताई गेल्या.

परवा गेलो, तर मूर्ती तशीच, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. माती वाळली की तडकते, म्हणून साडू दिवसभर तिच्यावर पाणी मारत असतात. घोडेगावच्या बाजाराला जाणं सुटलं. सख्ख्या पुतण्याच्या लग्नालाही गेले नाहीत. "पानी कोन मारनार?" म्हणाले.

मी म्हटलं, "साचा घ्या, फायबरमध्ये ओता. ताई कायमच्या राहतील."

साडू म्हणाले, "साचा काढताना आतली माती मोडती. तिचा हात लागलेली माती हाय ती. कशी मोडू?"

मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. असं किती दिवस चालणार, हे विचारायला मी तोंड उघडलं होतं. पण उन्हाने पत्रा तापला होता आणि फडक्याची एक कड सुकायला लागलेली मला दिसली. मी मुकाट्याने बादली उचलली आणि पाणी आणायला हौदाकडे गेलो.