वीज गेली आणि दापोलीचा फ्युएल सेल

"माझं यंत्र चालू झालंय, बघायला ये," असा मेधाचा फोन आला आणि मी रजा टाकली. मेधा माझी इंजिनिअरिंगची मैत्रीण. दापोलीतल्या तिच्या वहिनींच्या प्रसूतिगृहात तिने फ्युएल सेल बसवला होता.

दापोलीला रेल्वे नाही. पुण्याहून सकाळची एसटी घ्या. ऑक्टोबरात ताम्हिणी घाट अजून हिरवा असतो आणि खाली उतरलं की भातं पिवळी. स्टँडजवळ सुरमईची थाळी मिळाली. सोलकढी मी दोनदा मागून घेतली.

यंत्र मागच्या पडवीत होतं, कपाटाएवढं. सिलिंडरच्या गॅसातून हायड्रोजन निघतो, त्याचा हवेशी संयोग होऊन वीज तयार होते आणि सोबतची उष्णता टाकीतलं पाणी तापवते. जनरेटरसारखी धडधड नाही. वहिनी मात्र साशंक होत्या. बाहेरची वीज गेल्यावर एकट्याने ते किती भार ओढतं, हे कुणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रिक्षाने मुरुडला गेलो. लांबलचक ओली वाळू, माडांच्या मागे सुपारीच्या बागा. दुपारी परतलो तेव्हा आभाळ काळं झालं होतं. हर्णैहून एक कोळीण सुनेला घेऊन आली होती. सून अडलेली, दिवस अजून पुरे भरले नव्हते. तेवढ्यात वीज कडाडली आणि गावातली लाइट गेली. इन्व्हर्टरवर दिवे चालले असते, पण नवजात बाळाला ऊब देणारा वॉर्मर चालला नसता. गाडीने रत्नागिरीला न्यायला वेळ नव्हता.

वहिनींनी मेधाकडे पाहिलं. "चालेल?"

"चालवते," मेधा म्हणाली. मुख्य लाइनचा खटका पाडून तिने सगळा भार यंत्रावर घेतला. दिवे क्षणभर मिणमिणले, मग स्थिर झाले. वॉर्मर तापला. मी नळाखालून गरम पाण्याच्या बादल्या आत नेत राहिले.

मुलगी झाली. इवलीशी होती, पण रडली खणखणीत. बाहेर अजून पाऊस कोसळत होता आणि अख्ख्या आळीत उजेड फक्त आमच्याकडे होता. कोळीण नातीला बघून पडवीत आली आणि यंत्रापुढे हात जोडून उभी राहिली. मेधा लाजली, मग भिंतीला टेकून रडली. वहिनींनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "आता हे इथून हलवायचं नाही हो."

पुण्यात परतून आठवडा झाला. किनाऱ्याचे फोटो सगळ्यांना दाखवले. पण डोळे मिटले की मला दिसते ती वॉर्मरखाली पाय झाडणारी, लालबुंद मुलगी.