एकच मागितलं होतं

सोनोग्राफी करताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "दोन आहेत," तेव्हा माझे पती हसले आणि मी रडले. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, उपचार करून थकलो होतो, त्यामुळे ते आनंदाचे अश्रू असणार असंच सगळ्यांना वाटलं. पण तसं नव्हतं. मला सातवा आठवडा चालू होता, पोटात पाणीही टिकत नव्हतं, अंगात रक्त कमी होतं, आणि डॉक्टरबाई जुळ्यांमधले धोके समजावून सांगत होत्या. त्या संध्याकाळी देवघरासमोर बसून मी अक्कलकोटच्या स्वामींना म्हणाले, "एकच द्या. दोन मला झेपणार नाहीत." हे मी कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र तसबिरीकडे नीट बघवेना. पती अकलूजला साखर कारखान्यात नोकरीला, शनिवारीच घरी यायचे. सोलापुरातल्या त्या घरात आठवडाभर मी एकटी आणि मनात ते वाक्य.

नववा आठवडा लागला. कपडे कंबरेला घट्ट होऊ लागले, म्हणून डॉक्टरबाईंना विचारून एका दुपारी नवी पेठेत सैल गाऊन घ्यायला गेले. दुकानातून बाहेर पडले आणि पायावरून काहीतरी ऊबदार ओघळलं. सलवारीवरचा डाग पाहिला आणि मी जागीच थिजले. माणसं शेजारून जात होती. माझं मागणं ऐकलं गेलं, एवढंच मला कळलं.

"बस गं अम्मा, हितं बस," असं म्हणत कुणीतरी माझा दंड धरला. बाजूच्या बांगड्यांच्या दुकानातल्या त्या बाई होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांनी मला बाकावर आडवं केलं, पायाखाली कापडाचा गठ्ठा ठेवला, मी सांगितलेल्या नंबरवर पतींना फोन लावला. मग रिक्षा थांबवली, चालकाला तेलुगूत काहीतरी बजावलं, माझ्या कंबरेभोवती चादर गुंडाळली आणि स्वतःही शेजारी येऊन बसल्या.

"मावशी, तुमचं दुकान उघडं आहे," मी म्हणाले.

"शेजारीण बघंल की. तू पाय हलवू नको."

रिक्षा अगदी हळू चालली होती. मला राहवलं नाही. "मी देवाकडे एकच मागितलं होतं," मी म्हणाले. "म्हणून त्याने दुसरं परत घेतलं."

माझ्या कंबरेवरची चादर नीट करत त्या म्हणाल्या, "बांगडी भरताना बाया रोज म्हणतात, नको, ऱ्हाऊ दे, लई दुखतंय. म्हणून मी काय बांगडी काढून ठेवते व्हय? दुखतंय म्हणून बोलतात, ते मला कळतं. मग देवाला कळत न्हाय?"

दवाखान्यात डॉक्टरबाईंना एका बाळाचे ठोके लगेच सापडले. दुसऱ्याचे सापडेनात. त्या पोटावरून यंत्र पुन्हा पुन्हा फिरवत होत्या. मावशी माझ्या तळहातावर हात ठेवून उभ्या होत्या. मला "दोन्ही द्या" म्हणायचं होतं, पण आता मागायचीच भीती वाटली. "तुम्हीच बघा," एवढंच मनात आलं.

"आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ठोके जरा मंद आहेत. गर्भपिशवीच्या कडेला रक्त साकळलंय. तीन आठवडे पडून राहायचं. पुढचं आज काही सांगता येत नाही."

पती आले तेव्हा मावशी निघून गेल्या होत्या. ते तीन आठवडे कसे काढले ते माझं मला माहीत. न्हाणीघरात जायलासुद्धा भीती वाटायची. पती रजा काढून घरी राहिले होते; एका दुपारी मी त्यांना त्या प्रार्थनेबद्दल सांगून टाकलं. ते बराच वेळ चादरीची कड सारखी करत बसले. मग म्हणाले, "मीही घाबरलोच होतो. तुला दिसू नये म्हणून हसलो."

तिसरा महिना सरता सरता पुन्हा सोनोग्राफी झाली. दोन्ही बाळं हातपाय हलवत होती. रक्ताची गाठ जवळजवळ विरली होती.

नात्यातले काही जण म्हणाले, मावशींच्या रूपात स्वामीच आले होते. मी त्यावर वाद घालत नाही. परवानगी मिळाल्यावर नवी पेठेत गेले, तर मावशी तिथेच होत्या, एका गिऱ्हाइकाशी भावावरून हुज्जत घालत. मला पाहून त्यांनी आधी पोटाकडे बघितलं, मग विचारलं, "दोगं?" मी होकारार्थी मान हलवली. मला त्यांच्या पाया पडायचं होतं, त्यांनी वाकू दिलं नाही. हिरव्या बांगड्या मागितल्या, तर म्हणाल्या, "आत्ता न्हाय. सातव्यात ये. मी भरते."

सातवा महिना अजून लांब आहे. वाटेत काय आहे ते मला ठाऊक नाही, डॉक्टरबाईंनाही नाही. पण ज्या दुपारी मी सर्वांत जास्त भ्याले होते, त्या दुपारी मला धरून ठेवणारे हात मिळाले, याचं ऋण मी मानते. आता सकाळी दिवा लावते, हात जोडते, काही न मागता उठते आणि गोळ्या घ्यायला आत जाते.