सगळ्या मुली एकोणीस वर्षांच्या

माझे यजमान अप्पाराव आरोग्य विस्तार अधिकारी होते. त्यांच्या पहिल्या पुण्यतिथीला निघणाऱ्या स्मरणिकेसाठी सहकाऱ्यांनी माझ्याकडून त्यांची हकीकत मागवली आहे.

नोकरीच्या सुरुवातीला ते चुडाव्याच्या स्टेशनावर उतरत आणि सायकलवरून गावोगाव निरोधची पाकिटं पोचवत. बाया तोंडाला पदर लावून म्हणत, "आला बघा फुगेवाला." तेही हसत. नसबंदीसाठी त्यांनी कुणावर कधी दडपण आणलं नाही.

शेवटच्या वर्षांत अल्पवयीन मातांचं काम त्यांच्याकडे आलं. अठराच्या आतली गरोदर मुलगी आली की पोलिसांना कळवावं लागे. त्या धाकाने मुली दवाखान्यातच येईनात. मग ते वय वाढवून लिहायला सांगू लागले. रजिस्टरं घरी येत. ती साफ उतरवायचं काम माझं. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी घोटून घेतलेलं माझं अक्षर त्यांना आवडे.

१२ ऑक्टोबर २०१६. सगुणाबाई नावाची बाई गरोदर सुनेला, रोहिणीला, घेऊन आमच्या परभणीच्या घरी आली.

"सोळा सरलंय, साहेब. आठ दिसांत आमी उसाला जायलोत. माज्या पोराला आत टाकू नका."

"सोळा म्हणू नका, बाई. एकोणीस म्हणा."

"म्हनते की. तुमी म्हनाल तर माजं बी एकोणीसच!"

आम्ही सगळे हसलो. रोहिणी ओसरीवर माझ्या नातीशी सागरगोटे खेळत होती. नात हरली. मी रजिस्टरात एकोणीस लिहिलं आणि माझ्या रोजच्या डायरीत सोळा.

खरं वय लिहिलं असतं तर तिच्या कार्डावर जोखमीचा लाल शिक्का बसला असता, नर्सने तिचा पाठपुरावा केला असता. डिसेंबरात उसाच्या फडावर तिला झटके आले. ती गेली, पोटातलं मूलही गेलं.

चौकशी लागली त्या दिवशी अप्पाराव भरल्या ताटावर थांबले.

"तुझ्या डायरीत काय आहे गं?"

"सोळा."

"मग ती कपाटातच राहू दे."

मी कपाटाला कुलूप घातलं. त्यानंतरही तीन वर्षं मी एकोणीस उतरवत राहिले. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात कुणीतरी वाचून दाखवलं, 'तालुक्यात एकही अल्पवयीन माता नाही.' टाळ्या पडल्या. अप्पाराव खाली मान घालून बसले होते. टाळ्या मी वाजवल्या.

त्यांना मुली दवाखान्यात यायला हव्या होत्या. मला फक्त घरात शांतता हवी होती.

सोबत डायरीचं ते पान जोडलं आहे. ते छापायचं नसेल तर ही हकीकतही छापू नका. रोहिणी सोळा वर्षांची होती.