गप्प राहण्याची शिकवणी

आमचा कुत्रा आता भुंकत नाही. आमच्या येळ्ळूर गावात हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. भुंकत नाही तर काय ओवाळायला पाळलाय का, असं विचारतात. मीही हसते. त्याला गप्प राहायला मीच शिकवलं.

कुत्रा मुळात मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. भाताच्या बांधावर सापडलेलं पिल्लू त्यांनी टॉवेलात गुंडाळून घरी आणलं, आणि तेव्हापासून ते त्यांच्या पायापायांत असायचं. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी बेळगावहून ऑफिस करून आले ती डोकं धरूनच. बसमध्ये उभ्यानं आले होते. अंगणात कुत्रा जीव तोडून भुंकत होता. घरामागच्या परड्याकडे पळायचा, परत माझ्याकडे यायचा, पुन्हा पळायचा. माझा स्वभाव तापट. माहेरी मला फटाकडी म्हणायचे. मी आधी चप्पल फेकली, मग मानगूट धरून त्याला जळणाच्या खोलीत कोंडलं आणि कडी घातली. तो आतून भुंकतच राहिला. मी चहा करून निवांत प्यायले. अर्ध्या तासानं नवरा आला, म्हशीला वैरण टाकायला मागं गोठ्यात गेला, तर तिथं मामंजी पडलेले.

लगेच गेले असतील, असं डॉक्टर म्हणाले. नक्की सांगता येत नाही, असंही म्हणाले. कुत्र्याला कोंडल्याचं मी कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

त्यानंतर कुत्रा बिघडला. फाटकातून कुणीही आलं की अंगावर जायचा. टोपी, काठी, घोंगडं दिसलं की तोंडाला फेस येईपर्यंत भुंकायचा. मामंजींच्या वर्षश्राद्धाच्या सुमाराला तो शेजारच्या आप्पांच्या पोटरीला चावला. आप्पा म्हणजे मामंजींचे लहानपणापासूनचे सोबती. दोघांच्या घरांमध्ये एक मेंदीचं कुंपण, आणि त्याला दोघांनी जाऊन येऊन पाडलेलं खिंडार. आप्पा इंजेक्शनं घेऊन आले आणि कुंपणापलीकडूनच म्हणाले, "त्ये कुत्रं हाय तवर म्या तुमचा उंबरा वलांडणार न्हाय."

यात मोठी पंचाईत होती. आमच्यात म्हाळाला, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाला, मेलेल्या माणसाच्या जागी त्याच्या वयाचा कुणीतरी पितर म्हणून पाटावर बसवतात. त्याला नवं धोतर देतात, पोटभर जेवू घालतात. तो जेवला की गेलेला जेवला. मामंजींचा हा पहिलाच म्हाळ, आणि त्यांच्या पाटावर आप्पांशिवाय कोण बसणार? नवऱ्यानं निकाल देऊन टाकला. म्हाळापर्यंत कुत्रा सुधारला नाही तर पलीकडच्या मच्छे गावाच्या कारखान्यांकडे सोडून यायचा. तिथली भटकी कुत्री त्याला दोन दिवस जगू देणार नाहीत, हे त्यालाही कळत होतं. मी म्हटलं, मी सुधारते त्याला. तेव्हा त्याचं भुंकणं ऐकलं नाही, निदान मामंजींचं कुत्रं तरी सांभाळावं, एवढंच माझ्या मनात होतं.

बेळगावात एक मुलगी कुत्र्यांना शिकवते असं ऑफिसात कळलं. ती दर रविवारी स्कूटीवरून यायची. घरी कानडी बोलणारी, पण मराठी अगदी आमच्या गावच्यासारखं. पहिल्या दिवशी मी लाडानं कुत्र्याला गोड कुंदा भरवत होते, तो तिनं माझ्या हातून काढून घेतला. मग शांतपणे समजावलं. भुंकणारा कुत्रा रागावलेला नसतो, घाबरलेला असतो. ज्याला तो घाबरतो ती गोष्ट लांब उभी करायची. त्यानं तिकडं बघितलं, पण भुंकला नाही, की लगेच खाऊ द्यायचा. काही दिवसांनी तो बघेल आणि आपणहून वळून तुमच्याकडं बघेल. तेव्हा पुन्हा खाऊ. मग अंतर हळूहळू कमी करायचं. जाताना तिनं आणखी एक सांगितलं.

"आक्का, खाऊ नको म्हणाला तर समजा, गोष्ट त्याला झेपंना झालीया. तवा थांबायचं आणि काय हाय ते बघायचं."

भाकरीचे तुकडे तुपात परतून मी खिशात भरायला लागले. माझ्या विनवणीवरून आप्पा आधी रस्त्यापलीकडे पिंपळाखाली उभे राहायचे, काठी खाली टाकून, पुतळा झाल्यागत. कुत्रा बघायचा, वळायचा, तुकडा खायचा. मिरगाच्या पावसापासून गणपतीपर्यंत आप्पा पिंपळाखालून फाटकाशी आले. त्यांना पण मजा वाटायला लागली होती. म्हाळाला येतो म्हणाले.

मात्र कुत्रा आणखी एक गोष्ट शिकला, आणि ती मी शिकवली नव्हती. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला, उजेड असतानाच, तो पुढच्या सोप्यात, ओसरीवर, बसून फाटकाकडे बघायचा. फाटक बंद. पलीकडे कुणी नाही. तो बघायचा, कान उभे करायचा आणि वळून माझ्याकडे बघायचा. सवयीनं मी तुकडा दिला. साडेसहा ही मामंजींची शेतातून यायची वेळ, हे मला तुकडा दिल्यावर आठवलं.

आठवड्याभरानं त्याची नजर फाटकापाशी थांबेना. ती आत यायला लागली. माणूस चालतो त्या चालीनं त्याची मान वळायची, फाटकापासून नळापर्यंत. तिथं बराच वेळ थांबायची. मामंजी नळावर पाय धुवायचे, आधी उजवा, मग डावा, त्याला जेवढा वेळ लागायचा तेवढीच. मग मान पुन्हा वळायची, आणि मग तो माझ्याकडे बघायचा. मी तुकडा द्यायचे. न देण्याची माझी छाती झाली नाही.

रविवारी त्या मुलीनं विचारलं, अंतर कमी होतंय का? मी म्हटलं, होतंय. ती खूश झाली. कशापासूनचं अंतर, हे तिनं विचारलं नाही.

पुढं पुढं नळावरून पायरीपर्यंत आलं. गणपती बोळवले त्या आठवड्यात एका संध्याकाळी कुत्र्याची मान फाटकावरून नळाशी, नळावरून पायरीशी वळत आली आणि माझ्या डाव्या खांद्याच्या किंचित वर येऊन थांबली. मागं वळून बघायचं धाडस झालं नाही. कुत्रा शांत होता, शेपूट हळूहळू हलवत होता. मला भीती मामंजींची नव्हती. जिवंतपणी त्यांनी मला कधी अगं-तुगं केलं नाही. ते काय विचारतील, याची भीती होती. कुत्र्यानं नजर काढून माझ्याकडे बघितलं आणि मी तुकडा पुढं केला.

म्हाळाच्या दिवशी पहाटेपासून चूल पेटली होती. वडे, खीर, अळूचं फदफदं, गवारीची भाजी. नवऱ्यानं पान वाढून कौलावर ठेवलं तर कावळा वाटच बघत असल्यागत लगेच शिवला. सगळ्यांना बरं वाटलं. आप्पांना नवं धोतर सकाळीच नेसायला पाठवलं होतं. बारा वाजता नवऱ्यानं फोन केला, तर आलोच म्हणाले. पाट मांडला, समई लावली. मी साखळी हातात धरून कुत्र्याला घेऊन सोप्यात बसले, खिसा भरून.

कुत्र्यानं कुंपणाकडे बघितलं. खिंडाराच्या जरा बाजूला. मग वळून माझ्याकडे. तिथं कुणी नव्हतं, पान हलत नव्हतं. मी तुकडा दिला. त्यानं पुन्हा तिकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. मला वाटलं, आज भर दुपारी आले. आजचा दिवसच त्यांचा, कावळासुद्धा लगेच शिवला. मी तुकडे देत राहिले आणि माझा बांध फुटला. डोळे मिटून कुंपणाला हात जोडले. सगळं मनातल्या मनात सांगितलं. चप्पल, कडी, चहा. मामंजी, चुकले मी, म्हटलं. कितीतरी दिवसांनी छाती हलकी झाली. आतून नवऱ्यानं दोनदा विचारलं, आप्पा आले काय? मी म्हटलं, येतील की, धोतर नेसत असतील.

डोळे उघडले तर शेवटी दिलेला तुकडा माझ्या पायाशी तसाच पडला होता. कुत्र्यानं त्याला तोंड लावलं नव्हतं. तो कुंपणाकडे बघत होता, सगळं अंग थरथरत होतं, आणि तोंडातून चकार शब्द नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आज नजर चालत नव्हती. ती एकाच जागी होती, आणि खाली, जमिनीलगत.

मी साखळी टाकून पळाले. मेंदीपलीकडे आप्पा पालथे पडलेले, नवं धोतर चिखलानं भरलेलं, एक हात मेंदीच्या बुडातून आमच्या बाजूला आलेला. श्वास चालू होता.

गाडी करून बेळगावला नेलं. किती वेळ पडून होते, असं दवाखान्यात विचारलं तर नवरा म्हणाला, लगेच बघितलं. मी हळूच खिसा चाचपला. भरलेला खिसा निम्म्याहून जास्त रिकामा होता.

आप्पा वाचले. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं, पण बोलतात. कुत्र्याला मच्छ्याला सोडायची गोष्ट आता कुणी काढत नाही; गावात त्याचं कौतुकच झालं. दिवाळीच्या आधी आप्पांना बघायला गेले तेव्हा त्यांनी डाव्या हातानं कुत्र्याचं डोकं कुरवाळलं.

"लई भुंकलं असंल न्हवं गं, माझ्यासाठनं?"

"व्हय आप्पा," मी म्हटलं. "लई भुंकलं."

आता मी त्याला उलटं शिकवते आहे. भुंकला तर तुकडा, गप्प राहिला तर काही नाही. त्या मुलीनं सांगितलंय, जमेल, पण वेळ लागेल. संध्याकाळी साडेसहाला आम्ही सोप्यात बसतो. त्याची मान फाटकापासून नळाकडे जाते, थांबते, पायरी चढते आणि माझ्या डाव्या खांद्याशी येते. मग तो माझ्याकडे बघतो.

"भुंक रं," मी म्हणते. "एकदा तरी भुंक."

तो भुंकत नाही. शहाण्यासारखा बसून राहतो, मी शिकवलं होतं तसा.