पहिल्या पंगतीचा मान

परदेशात घरची आठवण आली की काय करावं, याचे सल्ले द्यायला सगळे टपलेले असतात. पळायला जा. कुंडीत कोथिंबीर लाव. आपल्या माणसांचं मंडळ शोध. जर्मनीतल्या कारखान्यात लागल्यावर मी हे सगळं इमानेइतबारे केलं. पळून गुडघे धरले, कोथिंबीर थंडीनं गेली आणि मंडळात जो तो आपली गाडी कुठली हेच सांगत बसला होता.

माझा खरा उतारा एकच होता, गावची जत्रा. आमचं गाव कोल्हापूरला लागूनच. शिरोलीच्या फौंड्रीत नोकरीला होतो तोवर एकही जत्रा चुकवली नाही. त्या दिवशी पै-पाहुणे मटणाच्या जेवणाला येतात, दिवसभर पंगती उठतात आणि घरचे पुरुष कमरेला टॉवेल बांधून वाढतात. घरचा माणूस जेवतो सगळ्यांत शेवटी. तांबड्या रश्श्याची बादली माझ्याकडे असायची, मटणाचं पातेलं धाकट्या भावाकडे. आमच्या वाट्याला तळाचा रस्सा उरला तरी नशीब म्हणायचं. पण परातीभोवती गोल बसून तो खरडून खाताना जी थट्टा चालायची, तिच्यासाठी तिकडे माझा जीव तुटायचा. हिवाळ्यात दुपारीच अंधारून आलं की मी मनातल्या मनात पंगत वाढायचो. कुणाला नळी, कुणाला जास्तीचा कट.

गेल्या वर्षी एकदाची रजा मिळाली. जत्रेच्या सकाळी टॉवेल गुंडाळून बादली उचलली, तर भावानं ती हातातून काढून घेतली.

"दादा, ठेव ती. एवढ्या लांबनं आलायस. बस की पहिल्या पंगतीत."

"आरं, मी घरचा हाय की!"

"व्हय रं. म्हणून तर मान."

बादली त्याच्या मेहुण्याकडे गेली आणि मी सोयऱ्यांच्या रांगेत. आईनं माझ्यापुढं वेगळी वाटी ठेवली, बिनतिखटाच्या रश्श्याची. म्हणाली, "तिकडं ऱ्हाऊन पोट नाजूक झालं असंल." शेजारचे पाहुणे विचारत होते, परत कधी जाणार. मला अपमान झाल्यासारखं वाटत होतं आणि तोंडानं मी छान, छान म्हणत होतो. भाऊ पातेलं घेऊन रांगेतून आला. जन्मभर मला अरे-तुरे करणारा तो, वाढायच्या नादात माझ्यापुढंही वाकून म्हणाला, "घ्या की, लाजू नका."

संध्याकाळी पाहुणे पांगले. मागच्या सोप्यात घरची माणसं परातीभोवती बसली, मेहुणाही बसला. मी टेकणार तोच आई म्हणाली, "तुझं झालंय की रं जेवण. वर जाऊन पड जा, पंखा लावलाय."

कुणाच्या मनात काळंबेरं नव्हतं. तेच जास्त लागलं, कारण भांडायलाही जागा नव्हती. वर पडल्या पडल्या खालचं हसणं ऐकू येत होतं. घरात असून घराची आठवण आली तर काय करावं, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

परवा भावाचा फोन आला. "दादा, औंदा बी ये. पहिल्या पंगतीत तुझी जागा धरतो."

बघतो म्हणालो. जत्रेच्या आठवड्यात मी जादा पाळी मागून घेतली आहे. इथं निदान माझ्या हातातलं काम कुणी काढून घेत नाही.